डॉक्टरांच्या गाडीला साधा गिअरबॉक्स

घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच. डॉक्टरांच्या परदेशी गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स निकामी झाला, तेव्हा माझ्याच भरवशावर वडिलांनी आमच्या जळगावच्या गॅरेजात त्या जागी क्लचचा साधा बसवला. चावी फिरवली, तर स्टार्टर हलेचना. डॉक्टर बाकावर बसून बघत होते.

"तुन्हा कॉलेजमा हाईच शिकाडतस का रे?" वडील हळूच म्हणाले.

मग जुन्या गिअरबॉक्सवरचा छोटा स्विच आठवला. गिअर पार्क किंवा न्यूट्रलला असल्याशिवाय तो स्टार्टरपर्यंत करंट जाऊ देत नसे. आम्ही तो गिअरबॉक्सबरोबरच काढून ठेवला होता. त्याच्याकडे जाणाऱ्या दोन वायरी गाडीत मोकळ्याच लोंबत होत्या; त्या मी एकमेकींना जोडल्या आणि इंजिन सुरू झालं. माझा जीव भांड्यात पडला.

वडिलांनी हात पुसले. "चाल, आते जेवी लेऊत."