काठीसकट

गुडघा बदलायचा तर आधी वजन उतरवा, असं डॉक्टरांनी बजावलंय. गुडघ्यामुळे चालणं बंद, म्हणूनच वजन वाढलं, हे त्यांना पटत नाही. आज पुन्हा काट्यापाशी उभी होते. माझ्या आधीच्या बाईंचा नवरा त्यांची पर्स, शाल छातीशी धरून, वाकून त्यांच्या चपला काढत होता. माणसाला हलकं व्हायलाही सामान धरणारं कुणी लागतं. मी काठीसकट चढले. आकडा जास्तच आला. भाजीबाजारात हयातभर घासाघीस केलेली मी, सिस्टरवर भडकले, "काठीचं वजन वजा करा!"

"मग सोबतच्या माणसाकडे द्या ना ती, आजी."

मागे बाक रिकामा होता.

"राहू दे," मी म्हटलं, "काठीसकटच लिहा."