फ्लोटची पातळी आणि जावईबापू

आयुष्यात मी सगळ्यात जास्त कोणावर जळले असेन, तर माझ्या नवऱ्यावर. भानगड बिनगड काही नव्हती. माझे बाबा होते मधे.

दोन हजार सालानंतरचे दिवस. लग्नाला थोडीच वर्षं झाली होती. पेरणीच्या आधी मी माहेरी, अर्जुनी मोरगावजवळच्या आमच्या गावी आले, तर बाबा आजोबांच्या जुन्या मोटारीचं कार्बोरेटर खोलून बसलेले. नागपूरहून नवे पार्ट आणून त्यांनी ते सगळं नव्यानं बांधलं होतं. तरी गाडी सुरू केली की पेट्रोल वर येऊन ठिबकायचं. मागून काळा धूर, अंगणभर वास, आणि आईची बडबड.

कार्बोरेटरच्या वाटीत एक पितळी डबी तरंगते, तो फ्लोट. पेट्रोल खुणेपर्यंत आलं की फ्लोट वर उचलला जातो आणि एक सुई दाबून पेट्रोलची वाट बंद करतो. त्याची छोटीशी पत्ती किंचित वाकवली की पातळी खालीवर होते. बाबांनी ही पातळी पाण्यानं जुळवली होती. स्टुलावर कार्बोरेटर, उंचावर पाण्याचा लोटा, मधे नळी. इटियाडोह धरणाचं पाणी धानाच्या बांधीत घेताना धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभं राहून बोटभर कमीजास्त ओळखणारा माणूस. तो पेट्रोल कशाला सांडेल? पाणी बरोबर खुणेवर थांबायचं, बाबा खूश व्हायचे, आणि गाडी पुन्हा ओकायची.

त्याच दुपारी मी आणि आई मागच्या अंगणात धानाचं बियाणं मिठाच्या पाण्यात टाकत होतो. पोचट दाणा वर येतो, तो काढून टाकायचा. साध्या पाण्यात बुडणारे कितीतरी दाणे मिठाच्या पाण्यात तरंगतात, कारण मिठानं पाणी जड होतं. हे मी लहानपणापासून बघत आले होते, पण त्या दिवशी माझा हात घमेल्यातच थांबला. पेट्रोल तर पाण्याहून हलकं! म्हणजे फ्लोट त्यात जास्त बुडणार, सुई उशिरा बंद होणार आणि पेट्रोल खुणेच्या वर जाणार.

ओल्या हातांनीच धावत गेले. "बाबा, पाण्यानं नोका पाहू. पेट्रोल टाकूनच पाहा लागते."

"काऊन?" बाबांनी मान वर केली नाही. मी बियाण्याचं सांगू लागले, तेवढ्यात म्हणाले, "मी जलमभर पाणी खेळलो, अन् तू मले लेवल शिकवून राहिली? जाय, चहा मांड."

माझ्या स्वयंपाकाला, रांगोळीला बाबा नेहमी शाबास म्हणायचे. मोटारीसाठी एकदा म्हणावं, एवढंच मला हवं होतं. मी चहा मांडला. साखर घातली नाही.

दुसऱ्या दिवशी नवरा मला न्यायला आला. त्याचं गोंदियात कापडाचं दुकान. गाडीतलं त्याला एवढंच कळायचं की पुढं ड्रायव्हर बसतो. पाय धुवायला पाणी देताना मी माझी सगळी भडास त्याच्यापुढं काढली. तो हात पुसत बाबांकडे गेला आणि म्हणाला, "मामाजी, एक बार पेट्रोल टाकून चेक करून पाहू ना. पाणी भारी असते."

"बराबर बोलले जावईबापू!" बाबा ताडकन उठले. "हे मले काऊन नाही सुचलं?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, पण इथं माझाच माल दुसऱ्याच्या दुकानातून हातोहात खपला होता.

पेट्रोल टाकून पाहिलं. खुणेच्या बरंच वर गेलं. बाबांनी पक्कड जावयाला दिली आणि ते पेट्रोलचा लोटा भरायला वळले, तेवढ्यात त्यानं ती गुपचूप माझ्या हातात दिली. पत्ती मी वाकवली, पुन्हा पाहिलं, आणखी जराशी वाकवली. पेट्रोल खुणेवर थांबलं. गाडी एका झटक्यात सुरू झाली, थेंबही गळला नाही. बाबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

नवरा ओशाळला. "मामाजी, मले कुठं समजते हे? हिनंच सांगितलं."

बाबा गहिवरले. आईला हाक मारून म्हणाले, "आयकलं का? सोता करून बायकोले मोठेपणा देऊन राहिले. इतकं मोठं मन कोणाचं रायते?"

त्याचा खरेपणासुद्धा त्याच्याच खात्यात जमा झाला.

संध्याकाळी बाबांनी गाडी धरणाच्या नहरापर्यंत, म्हणजे कालव्यापर्यंत, नेली. पुढं ते आणि जावईबापू, मागं मी. बाबा दर वळणावर म्हणत होते, "कशी चालून राहिली, जावईबापू!" नवऱ्यानं मागं वळून माझ्याकडे पाहिलं, माफी मागितल्यासारखं. मी तोंड फिरवलं. भांडायलासुद्धा त्यानं काही जागा ठेवली नव्हती, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.