पुसलेलं तिखट

आळंदीहून चऱ्होलीकडचा अर्धा रस्ता सरला, तोवर चिमाबाईंनी नवऱ्याला तिसऱ्यांदा दंडाला धरून कडेला ओढलं. मागून खडीचा डंपर हॉर्न वाजवत आला होता. जयसिंगरावांना तो ऐकूच आला नव्हता. डंपर पुढे गेल्यावर धुळीकडे बघत ते म्हणाले, "मोठा होता वाटतं."

"तुमच्यापेक्षा मोठा," चिमाबाई म्हणाल्या. तेही त्यांना ऐकू गेलं नाही.

सकाळी घाटावर हिंदुरावांचा दहावा झाला होता. परत निघताना चिमाबाई रिक्षा बघत होत्या, तर जयसिंगराव आपले चालायलाच लागले. मग त्याही निघाल्या, गाड्यांच्या बाजूनं.

"घाटावर ती दिपाली काय सांगत होती गं तुला?" त्यांनी विचारलं. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं मोठ्यानं. टपरीवरच्या दोघांनी वळून बघितलं.

"काई न्हाई," चिमाबाईंनी हातानंच सांगितलं. दिपाली म्हणजे हिंदुरावांची सून. तिनं जे सांगितलं ते हातानं सांगण्यासारखं नव्हतं.

जयसिंगराव चाकणच्या एका फोर्जिंग कंपनीत अठ्ठावीस वर्षं मेंटेनन्सला होते. तापलेल्या लोखंडावर दिवसभर हॅमर पडायचा. आधी कुकरची शिट्टी ऐकू येईनाशी झाली, मग लेकीचं फोनवरचं बोलणं, मग समोरच्या माणसाचे शब्द. राहिला तो फक्त जाड, एकसुरी आवाज. हिंदुराव त्याच वर्कशॉपमध्ये, मूळ माणचे, निवृत्तीनंतर तिकडेच परतलेले, गळ्यात माळ. त्यांचे कान बरे राहिले, पण साखरेनं डोळे नेले. तरुणपणी एका साहेबाच्या नादानं दोघांनी परीक्षा देऊन हौशी रेडिओचा सरकारी परवाना काढला होता. तेव्हा कंपनीतले लोक हसायचे, "काय राव, पाकिस्तानला खबरा देता का?"

म्हातारपणी तोच परवाना कामाला आला. एकाला फोनवरचं ऐकू येत नाही, दुसऱ्याला फोनवरचं वाचता येत नाही. पण रेडिओचं बटण दाबून वाजवलेली मोर्सची टकटक, छोटी आणि लांब, हिंदुराव बोटांनी पाठवायचे आणि जयसिंगरावांना ती ऐकू यायची. सेटवर तो आवाज हवा तेवढा जाड करून घेता येतो. रोज सकाळी साडेसहाला माणहून निरोप यायचा, "उठला का रं कुंभकर्णा?" इंग्रजी अक्षरांत, पण भाषा आपली. जयसिंगराव एकटेच हसायचे.

"माझ्याशी चार शब्द न्हाईत, आन् त्या डब्याशी तासभर!" चिमाबाई चहा ठेवता ठेवता म्हणायच्या. पण सव्वासहालाच त्या चहा ठेवायच्या.

गच्चीवर दोन पाइपांना ताणलेली तार होती आणि तिथून खाली सेटपर्यंत काळी केबल. ती केबल खारींना का आवडायची कुणास ठाऊक. पहिल्यांदा कुरतडली तेव्हा जयसिंगरावांनी लोखंडी नळी आणून केबल तिच्यातून ओवली, टोकाच्या फटी भांडी घासायच्या तारेच्या काथ्यानं बुजवल्या. तरी पाण्याच्या टाकीजवळ हातभर केबल उघडी राहिली. वाऱ्यानं तार हलते, तिथं जराशी ढील लागतेच. औषध टाकायचं तर दोघांच्याही मनात येणं शक्य नव्हतं. संध्याकाळी बुद्धमूर्तीपुढे पंचशील म्हणायचं आणि सकाळी जिवाला विष घालायचं, हे कसं जमणार? म्हणून जयसिंगरावांनी लवंगी मिरचीचं तिखट ग्रीसमध्ये कालवलं आणि त्या हातभर केबलला चोपडलं. "नुसतं तोंड भाजेल. परत येणार नाही."

दुसऱ्या दिवशी चिमाबाई धुणं वाळत घालायला वर गेल्या. कठड्यावर एक खार तोंड घासत होती. दोन्ही पायांनी नाक पुसायची, परत घासायची, जागच्या जागी गोल फिरायची. ग्रीस तिच्या मिशांना चिकटलं होतं, ते काही निघेना. चिमाबाईंनी वाटीत पाणी ठेवलं. खार पाण्याजवळ आली नाही, पळाली. मग त्यांनी धुण्याची पावडर घेतली, ओलं फडकं घेतलं आणि केबल लख्ख पुसून काढली. रात्री पंचशील म्हणताना त्यांना बरं वाटलं. नवऱ्याला सांगू उद्या, असं ठरवलं, आणि ते राहून गेलं.

दोन दिवसांनी सेट मुका झाला.

जयसिंगरावांनी आधी सेट उघडला. मग खालचा जोड. चिमाबाई पाटीवर लिहून म्हणाल्या, दिपालीला मेसेज तरी टाका. "कशाला? आजच होतंय," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशीही आजच होणार होतं, तिसऱ्याही. चौथ्या दिवशी टाकीमागे केबलचा कुरतडलेला भाग सापडला. आत दव शिरून तांब्याची जाळी हिरवी पडली होती. ते तसेच पुण्याला तपकीर गल्लीत जाऊन नवी केबल घेऊन आले. पाचव्या सकाळी साडेसहाला सेट सुरू झाला, आणि माणहून काहीच आलं नाही. दुपारी दिपालीचा मेसेज आला.

आता रस्ता अरुंद झाला, एकामागं एक चालावं लागलं. समोर नवऱ्याची पाठ, पांढऱ्या शर्टावर घामाचा नकाशा. चिमाबाई त्या पाठीला म्हणाल्या, "अहो, ते तिखट मी पुसलं." पाठ चालत राहिली. त्या परत म्हणाल्या. सांगितल्यावर हलकं वाटेल असं त्यांना वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

आणि दिपालीचं ते बोलणं डोक्यातून जाईना. "मावशी, चार दिवस बाबा रोज बटण दाबत बसायचे. मी म्हटलं काकांना मेसेज टाकते, तर म्हणाले, नको, त्येचं कायतरी बिघडलं आसंल, घाईत करंट बसंल त्येला. शेवटच्या सकाळी तर एकच एक परत परत वाजवत होते, बघा." असं म्हणून तिनं चिमाबाईंच्या मनगटावर बोटानं वाजवून दाखवलं होतं. ते विसरू नये म्हणून चिमाबाई घाटापासून अंगठ्यानं तर्जनीवर तेच वाजवत आल्या होत्या. आणि विसरलं तर बरं, असंही मनात येत होतं.

बसथांब्याच्या बाकावर त्यांनी नवऱ्याला बसवलं आणि समोर उभ्या राहिल्या, ओठ दिसावेत म्हणून. "तिखट. मी. पुसलं."

जयसिंगरावांनी मान डोलावली.

"ठाऊक आहे. दवानं ग्रीस जात नसतं. केबल साबणानं धुतल्यासारखी होती."

"मंग बोलला का न्हाई?"

हे त्यांना ओठांवरून कळलं. "काय बोलायचं? त्या खारीला मीपण बघितलं होतं, तुझ्या आधी. पुसायचा धीर मला झाला नाही. तो तुला झाला."

चिमाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"रडू नको. आता बस इथं." त्यांनी शर्टाची बाही वर सारली आणि हात चिमाबाईंच्या मांडीवर उताणा ठेवला. हॅमरच्या ठिणग्यांचे जुने डाग त्यावर होते. "दिपाली तुझ्या मनगटावर बोट आपटत होती. लांबून दिसलं मला, पण मधे माणसं आली. तिनं जसं केलं तसंच माझ्या हातावर कर, चिमा. घाई करू नको. छोटं ते छोटं, लांब ते लांब."