पाठीवर पडणारा मामा

परदेशात, तबूकच्या कामगार कॅम्पात जोडीदारानं काल माझ्या पाठीला बाम चोळला आणि त्या वासासरशी मी गावच्या तालमीत जाऊन पोचलो.

मामा तेव्हा जपानहून परतला होता. तिकडं परदेशी पैलवान म्हणून बारा वर्षं निकाल आधीच ठरलेल्या कुस्त्या खेळला, बहुतेक हरायच्याच. बामाचा वास दरवळणारा मामा आखाड्याची माती कपाळाला लावायला वाकला, तसे वस्ताद ओरडले, "लांब हो! ठरवून पाठ टेकणाऱ्यानं ही माती शिवायची नाही."

सगळे हसले. मीही हसलो.

संध्याकाळी मामा परड्यातल्या गवतावर मला पडायला शिकवत म्हणाला, "हनुवटी छातीला लाव, हात आपट, मग पड. रोज पडून उद्या उठायचं असतं रं."

परवा बांधकामाच्या परांचीवरून कोसळलो, तेव्हा अंगानं आपोआप तेच केलं. हाड मोडलं असतं तर थेट घरी पाठवलं असतं.

"किस्मतवाला है तू," सुपरवायझर म्हणाला.

किस्मत कसली? वस्ताद, तुमच्याकडं पाच वर्षं घाम गाळला, पण पडायचं कुणी शिकवलं नाही. ज्यानं शिकवलं त्याला तुम्ही चिमूटभर माती दिली नाहीत.

सुट्टीवर आलो की मामाला हाताला धरून आखाड्यात उभा करणार आहे. तेव्हा हसून दाखवा.