असा ऋतू नाही

नलू गेल्याचं मला कळलं ते शाळेच्या जुन्या शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. मी अकोल्याला माहेरी भाच्याच्या साखरपुड्याला गेले होते, पंगत बसायची होती, आणि फोन वाजला. आमच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी लिहिलं होतं, 'ऋतूंचे मनमोहक रंग शब्दांत टिपणारी हाडाची शिक्षिका काळाच्या पडद्याआड.' खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. मला रडू यायच्या आधी राग आला. 'मनमोहक' हा शब्द नलूच्या वर्गात बंद होता. फळ्याच्या कोपऱ्यात ती एक चौकोन काढायची, त्यात मनमोहक, नयनरम्य, आल्हाददायक अशी सगळी मंडळी कोंडायची आणि वर खडूनं कुलपाचं चित्र काढायची. ज्या शब्दांना तिनं वर्षानुवर्षं आत ठेवलं, त्यांनीच तिला निरोप दिला.

आम्ही दोघी अमरावतीच्या एकाच शाळेत मराठी शिकवायचो. मी वकिलांच्या घरातली, आपलं बोलणं शुद्ध असल्याचा गर्व आम्हाला दुधाच्या दातांपासून. नलू भातकुलीकडच्या शेतकऱ्याची मुलगी. वर्गात व्याकरण चोख शिकवायची, पण स्टाफरूममध्ये डबा उघडला की 'मले' आणि 'तुले' सुरू. मी तिला चिडवायची, ती मला 'पुस्तकबाई' म्हणायची. निबंध शिकवायची तिची रीत मात्र पुस्तकाबाहेरची होती. ऋतू बदलायला लागला की आधी आठवडाभर लिहायचंच नाही. रोज येताना एक बदललेली गोष्ट बघून यायची आणि एका वाक्यात सांगायची, बस. उन्हाळ्यात ती म्हणायची, उन्हाचं वर्णन करा, पण 'ऊन' शब्द वापरायचा नाही. एका मुलानं लिहिलं, 'आजोबा हापशीचा दांडा दुपट्ट्यानं धरतात.' ते वाक्य घेऊन ती दिवसभर शाळेत मिरवली, शिपायालासुद्धा वाचून दाखवलं. सेमाडोहच्या सहलीत सगळ्यांना वाघ बघायचा होता, तर हिनं सातवीला सागाखाली डोळे मिटून बसवलं, वाळलेली पानं कशी पडतात ते ऐकायला. परतल्यावर मुख्याध्यापकांनी विचारलं, वाघ किती दिसले? "वाघ नाही दिसला सर, पण पानं आयकली," ती म्हणाली. त्यांना ते उद्धट वाटलं. त्यांच्या डोळ्यांत ती तेव्हापासूनच खुपत असावी...

आता जे सांगायचं, त्यासाठीच मी हे लिहायला घेतलं आहे, आणि तरी तीनदा उठून पाणी पिऊन आले.

वार्षिक परीक्षेत आम्ही एकमेकींच्या वर्गाचे पेपर तपासायचो. त्या वर्षी सातवीला विषय होता, 'माझा आवडता ऋतू'. नलूच्या वर्गातल्या संगीता नावाच्या मुलीनं लिहिलं होतं, 'माझा आवडता ऋतू उलंगवाडी.' कापसाची शेवटची वेचणी झाली, पऱ्हाटीत गुरं सोडली, वावर मोकळं झालं, की आमच्याकडे उलंगवाडी झाली म्हणतात. वऱ्हाडात जन्मलेल्या कुणालाही हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. मुलीनं लिहिलं होतं की वेचणीच्या दिवसांत आई अंधार पडल्यावर घरी येते, तिची बोटं बोंडांच्या टोकांनी फाटलेली असतात, त्यामुळे ती वेणी घालून देत नाही. 'उलंगवाडीत मी शाळेतून येते तेव्हा दार उघडं असते,' एवढंच शेवटचं वाक्य. मी ते दोनदा वाचलं. चांगलं आहे हे मला कळलं होतं, हे इथे स्पष्ट लिहिते. मग मी लाल पेन घेतलं, 'उलंगवाडी'खाली रेघ मारली, समासात लिहिलं, 'असा ऋतू नाही', आणि दहापैकी तीन गुण दिले.

का? नियम म्हणून, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. खरं कारण हलकं होतं. माझ्या वर्गातल्या पंचेचाळीस मुलांनी वसंत ऋतूवर एकच निबंध लिहिला होता, मीच लिहून दिलेला, कोकिळेसकट. मला नलूचा हेवा वाटत होता.

तो पेपर मुख्याध्यापकांनी शिक्षकांच्या बैठकीत वाचून दाखवला. "नलूबाईंच्या वर्गाला साधे सहा ऋतू येत नाहीत. आपल्याच सहकारी बाईंचा शेरा आहे, माझा नाही." लोक हसले. नलूनं माझ्याकडे बघितलं. मी एवढंच म्हणायला हवं होतं की शब्द खरा आहे, सर, चूक माझी आहे. मी वहीत काहीतरी खरडत बसले... जूनमध्ये तिच्याकडून मराठी काढून घेतलं आणि कार्यानुभव दिला. कागदाची फुलं करायला. तिच्या सातवीचं मराठीही मला मिळालं. मी निबंध लिहून दिले, मुलांनी ते पाठ केले, निकाल चांगले लागले, माझा सत्कारही झाला.

तिनं मला एकदाच विचारलं, सायकल स्टँडपाशी.

"तुले माईत नव्हता का वं तो शब्द?"

"माहीत होता."

"मंग काहून?"

"परीक्षेत चालत नाही, नलू."

"आमच्या वावरात दरसाल चालते," ती म्हणाली आणि सायकल काढून गेली. त्यानंतरही आम्ही निवृत्तीपर्यंत डबा वाटून खाल्ला. तिनं मला लोणचं दिलं, पाटवड्या दिल्या, मुलांचं एकही वाक्य मात्र पुन्हा कधी सांगितलं नाही. मीही मागितलं नाही. माफी तर नाहीच मागितली.

शोकसभेत मुख्याध्यापकांनी भाषण केलं. आता व्यासपीठावर बोलीला बरे दिवस आहेत, त्यामुळे ते म्हणाले, बाईंनी मुलांच्या ओठांवर मातीतले शब्द ठेवले, उदाहरणार्थ उलंगवाडी. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. मग मी उठून तिच्या हसतमुख स्वभावाबद्दल चार वाक्यं बोलले आणि खाली बसले.

परवा तिच्या घरी गेले. मुलगा गजानन नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात असतो, सुट्टी होती म्हणून भेटला. चहा होईपर्यंत मी स्वयंपाकघरात उभी होते. भिंतीवर कॅलेंडर. गजाननने मार्चच्या मागे उलटलेलं जानेवारीचं पान पुढे आणून दाखवलं. प्रत्येक तारखेच्या चौकोनात नलूच्या बारीक अक्षरात पेन्सिलीनं एक ओळ होती. 'धुई. समोरचा खांब गायब.' 'तुरीच्या शेंगा वाजायला लागल्या.' ती गेली त्या तारखेला अक्षर बदललं होतं, मोठं, वेडंवाकडं. 'सकायपासून आभाय. हरभऱ्याले खराब.' आणि तिथून पुढे एकही चौकोन रिकामा नव्हता.

"आईनं सोडलं तिथून मी लिवून राहिलो," गजानन म्हणाला.

माझी इतक्या वर्षांची मैत्रीण ज्या दिवशी गेली, त्या दिवसाची ती ओळ होती. आणि माझं बोट आपोआप वर गेलं आणि 'आभाय'च्या खाली जाऊन थांबलं. गजाननने ते बघितलं. तो चिडला नाही. त्यानं हळूच पान परत मागे टाकलं.

"राहू द्या, मावशी," तो म्हणाला. "चूक नाही ते."