दुसरा अंतरा

रविवार, अठरा मे. सकाळी साडेआठलाच राजापेठेत ऊन पाठीला चटके देत होतं. वारा अजिबात नाही.

आमच्या जुन्या गाण्यांच्या मंडळातले किस्से लिहायला मी वहीचं शेवटचं पान राखून ठेवलं होतं. आता त्यासाठीच तिसरी वही चालू आहे. कोण गायलं, कोणत्या पट्टीत, कुठे अडलं, एवढंच लिहायचं ठरवलं होतं. पण माणसं गाण्यापेक्षा जास्त बोलतात. मागची पानं चाळली तर बऱ्याच ठिकाणी पेन कागदात रुतलेलं दिसतं. तो सगळा माझा राग आहे.

आजचं लिहायचं ते दिगंबरभाऊंबद्दल. ते शहराबाहेर झेंडू आणि मेथी लावतात, पहाटे बाजारात नेऊन विकतात आणि रविवारी आमच्याकडे गातात. गुरुवारी त्यांच्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन आहे. आवाज नंतर असाच राहील, हे डॉक्टर सांगत नाहीत. त्याआधी त्यांना एक गाणं पूर्ण गायचं होतं.

पूर्ण गाणं मागावं लागतं, इथेच माझं डोकं फिरतं.

*

दिवाळीत आमचे सचिव देशमुख सर यांनी नियम काढला. एक मुखडा, एक अंतरा, बस. ट्यूशन क्लासची खोली आम्हाला बारापर्यंतच मिळते आणि गाणारे वीस. "सगळ्यायले चान्स भेटला पाह्यजे," सर म्हणाले.

वेळ कसा वाचवावा हे समजावून सांगायला त्यांना अकरा मिनिटं लागली. मी घड्याळ लावलं होतं.

*

कमलताई अकोल्याच्या. सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरतात, तिथून ऑटो. नियमानंतरच्या पहिल्याच रविवारी त्यांचं गाणं एका अंतऱ्यावर कापलं. त्या माइक हातात घेऊन तशाच उभ्या.

"झालं ताई," सर म्हणाले.

"झालं? बाप्पा, गाडीत खिडकी धरायले याहून जास्त वेळ लागला मले."

*

आमचे मोहोड मशीन सांभाळतात. मशीनवर गाण्याचा नुसता वाद्यांचा ट्रॅक वाजतो, आपण वर गायचं. दिगंबरभाऊ पहिल्यांदा गायले तेव्हा मोहोडांनी मध्येच थांबवलं.

"भाऊ, आवाज थरथरून राह्यला. वायर लूज हाय वाटते."

वायर खरंच बदलली. अरे, त्या काळच्या हळव्या गायकांच्या आवाजात हाच कंप होता. लोकांनी तबकड्या झिजवल्या त्या त्याच्यासाठी! पण मोहोडांनी कसलंसं बटण दाबलं आणि कंप गेला. आवाज इस्त्री केल्यासारखा सपाट.

दिगंबरभाऊ दोन ओळी गायले, थांबले आणि स्पीकरकडे बोट केलं.

"हा कोण गाऊन राह्यला?"

*

माझा पुतण्या एकदा सोबत आला होता. चहा घेताना त्यानं कमलताईंना विचारलं, या रडक्या गाण्यांत तुम्हाला एवढं काय दिसतं? मी चिडून भाषण ठोकणार होतो. ताईंनी मला हातानं गप्प केलं.

"आताचा गाणारा सांगते, तू माही हायेस. हा जुना इचारते, येऊ का?" त्यांनी कप खाली ठेवला. "माह्या उभ्या जिंदगीत मले कोणी इचारलं नाही. म्हणून आयकतो."

पुतण्या पुढे तासभर बसला.

*

गेल्या रविवारी दिगंबरभाऊंनी ऑपरेशनचं सांगितलं. "सर, पुढच्या वेळी दोन्ही अंतरे गाऊ द्या. पहिल्या अंतऱ्यात तो नुसता वाट पाह्यते. ती येत नाही हे त्याले दुसऱ्यात कळते. तिथं थांबलो तर गाणं अर्धंच राह्यते."

"तुमाले देल्लं का सगळे मागतीन," सर म्हणाले.

मी पंधरा वर्षांत मंडळात आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. माणसाचा गळा चिरणार आहेत, म्हटलं, आणि तुम्ही नियम सांगता?

सर शांतपणे म्हणाले, "मंग ऑपरेशन झाल्यावर गा ना दोन अंतरे. आराम पडल्यावर."

त्या पानावर पेन आरपार गेलं आहे.

*

आज दिगंबरभाऊंचा नंबर नववा होता. कंप काढायचं बटण त्यांनी आधीच बंद करायला लावलं. फळ्यावर कालच्या भौतिकशास्त्राची सूत्रं तशीच होती, त्यांच्यापुढे ते उभे राहिले. मुखडा झाला, पहिला अंतरा झाला. सरांनी मान हलवली, मोहोडांनी ट्रॅक थांबवला आणि सवयीनं मशीनमधल्या टाळ्या वाजवल्या.

टाळ्या संपेपर्यंत दिगंबरभाऊ थांबले. मग वाद्यांशिवाय दुसरा अंतरा सुरू केला.

सर उठले. "भाऊ, नियम म्हणजे नियम. पुढचा नंबर कोणाचा?"

"माहा," कमलताई म्हणाल्या. त्या जागच्या उठल्या नाहीत. बाकावर बोटांनी ठेका धरला होता, तो तसाच चालू. "माहा टाइम चालू हाय, सर. बसा."

सर बसले.

ट्रॅक दोन मिनिटं आठ सेकंदांवर बंद झाला. गाणं चार मिनिटं सव्वीस सेकंदांनी संपलं. कमलताई आज गायल्या नाहीत. दुपारच्या गाडीनं अकोल्याला परत गेल्या.