भिंतीजवळची ओल

गल्लीत त्यांना सगळे कंडक्टरच म्हणत. नोकरी संपून बरीच वर्षं झाली होती, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. उभा जन्म त्यांनी लोकांना उत्तरं देण्यात घालवला होता. ही बस कुठं जाते, दवाखान्याला कुठं उतरायचं, शेवटची गाडी गेली का. समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत उत्तर तयार. घरीही तोच खाक्या. बायको म्हणायची, "यांना विचारलं की उत्तर मिळतं. बरोबर की चूक, ते आपलं आपण बघायचं."

अंगणातल्या कोब्यानं मात्र त्यांची मती गुंग केली.

घरापुढचा तो सिमेंटचा कोबा वडिलांनी घातलेला. आता जागोजाग पोपडे सुटले होते, झाडू मारला की वाळू निघायची, कडेनं शेवाळ धरायचं. एका सकाळी कपडे वाळत घालताना बायकोचा पाय सटकला. हात मोडायचा तो थोडक्यात वाचला. त्याच दिवशी कंडक्टर रंगाच्या दुकानात जाऊन उभे राहिले.

दुकानदारानं कोब्यावर लावायच्या लेपाचे दोन डबे पुढं ठेवले. "हे आत मुरतं, हे वर बसतं. कुठलं देऊ?"

"चांगलं असेल ते द्या."

"दोन्ही चांगली. मुरणारं लावलं तर लावलंय असं दिसणार नाही, पण पाणी आत शिरत नाही. वर बसणारं चमकतं. पण त्याला खालचा कोबा खडखडीत कोरडा लागतो, आणि पाय घसरू नये म्हणून वरच्या हातात बारीक रेती मिसळावी लागते."

कंडक्टर तसेच परत आले. ओळखीचा गवंडी म्हणाला, मुरणारंच घ्या. मेहुणा म्हणाला, दिसणारच नसेल तर लावायचं कशाला? समोरचे गृहस्थ म्हणाले, काहीच लावू नका, पैसे पाण्यात जातील. तिघांचंही पटायचं, आणि तिघं एकाच वेळी बरोबर कसे, ते कळायचं नाही. शेवटी बायको वैतागली तेव्हा त्यांनी चमकणाऱ्या लेपाचा डबा आणला.

कोबा घासून धुतला, उन्हात वाळवला, रोलरनं एक हात मारला, दुसऱ्या दिवशी रेती घालून दुसरा. अंगण असं चकाकलं की बायकोनं विचारलं, "आता यावर चपला घालून फिरायचं, की काढून?"

आठवडा उलटायच्या आत भिंतीलगतचा तुकडा दूध सांडल्यासारखा पांढरट पडला. कंडक्टरांनी तेवढा खरवडला, वाळवला, पुन्हा लेप दिला. पुन्हा पांढरा. बाकीचं अंगण लख्ख, आणि तेवढंच रुसल्यासारखं.

भिंतीपलीकडे त्यांचा धाकटा भाऊ राहायचा. शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायचा. मुळात घर एकच, मधोमध भिंत घालून दोन झालेलं. वडिलांच्या आजारपणात डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं, तेव्हा धाकटा नको म्हणत होता. कंडक्टरांनी सवयीनं झटकन सांगून टाकलं, करा. वडील दवाखान्यातून घरी आले नाहीत. धाकटा एवढंच म्हणाला, "दादा, जरा थांबला असतास." मग बोलणं आटलं, आणि भिंत उभी राहिली.

"हाच ओततोय पाणी भिंतीवरून," कंडक्टर म्हणाले.

"भावोजी? त्यांना काय दुसरे उद्योग नाहीत?"

तरी दोन सकाळी ते खुर्ची टाकून भिंतीकडे बघत बसले. कुणी काही ओतलं नाही. तक्रार घेऊन दुकानात गेले, तर दुकानदार म्हणाला, "तिथं प्लास्टिकचा कागद पसरा, कडा चिकटपट्टीनं बंद करा आणि एक दिवस ठेवा. कागदाच्या वर थेंब दिसले तर पाणी बाहेरचं. आतून दिसले तर खालचं."

थेंब आतून होते. कंडक्टरांचा राग जागच्या जागी विरला, आणि आता कुणावर रागवायचं तेही कळेना.

प्लंबरनं तेवढा कोबा फोडला. वीतभर खाली जुना लोखंडी पाइप होता, जोडावर गंजलेला. पाणी हळूहळू झिरपत होतं.

"हा कुठं जातो?"

"आमच्या स्वयंपाकघरात."

"तुमचं स्वयंपाकघर या बाजूला. हा तर भिंतीखालून तिकडं निघालाय."

कंडक्टर वाकून बघत राहिले. "मला माहीत नाही," ते म्हणाले. बायकोनं दारातून चमकून पाहिलं.

प्लंबरनं मीटरजवळची चावी बंद केली. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून भावजयीचा आवाज आला, "अहो, ओट्यावरचा नळ गेला बघा. मोरीतला येतोय." मग फाटक वाजलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा धाकटा या अंगणात आला आणि खड्ड्याशी उभा राहिला.

"काय झालं?" त्यानं प्लंबरला विचारलं.

"तुमच्या ओट्याला पाणी इथून जातंय."

"कसं जाईल? माझं कनेक्शन वेगळं आहे."

"ते टाकीला आणि मोरीला जोडलं असेल. ओट्याकडं कुणी बघितलंच नाही."

दोघं भाऊ खड्ड्यात वाकले. "बाबांनी सांगितलं होतं तुला?" धाकट्यानं विचारलं. हा प्रश्न आपल्याला आहे हे कंडक्टरांच्या जरा उशिरानं ध्यानात आलं.

"नाही. तुला?"

"नाही."

"जोडू की बंद करू?" प्लंबरनं विचारलं.

"बंद करा," धाकटा म्हणाला. "मी माझ्याकडून ओढून घेईन."

सगळे कंडक्टरांकडं बघायला लागले. ते पायरीवर बसले. इतकी वर्षं आपलं पाणी तिकडं जात होतं. म्हणजे आपण दिलं? दिलं तर नव्हतं. यानं घेतलं? घेतलंही नव्हतं. वडील होते तेव्हा घर एकच होतं, म्हणून पाइपाचं सांगायचं राहिलं, की त्यांनी मुद्दाम सांगितलं नाही? विचारायचं कुणाला?

"दादा, बोल काहीतरी."

"थांब जरा."

प्लंबर पाना हातात घेऊन ताटकळला. बऱ्याच वेळानं कंडक्टर म्हणाले, "जोडा."

"का?" धाकट्यानं विचारलं.

"ते मला नको विचारू. सध्या जोडू दे."

नवा जोड बसला, खड्डा सिमेंटनं बुजवला. काही दिवसांनी धाकटा आपणहून आला, नवा तुकडा नखानं खरवडून म्हणाला, "इतक्यात काही लावू नकोस. पक्कं होऊ दे." महिना गेला. मग चमकणारा जुना थर सगळा काढून त्यांनी मुरणारं आणलं. एक हात पुरे, की ओल्यावरच दुसरा मारायचा, यावर दोघांची चांगलीच जुंपली. शेवटी डब्यावरचं वाचलं, तर तिथं दोन लिहिले होते. मेहुण्यानं येऊन विचारलं, "लावलंय कुठं?"

"तुमचं बोलणं सुरू झालं म्हणायचं का?" बायकोनं विचारलं.

"कोब्याबद्दल बोलतो आम्ही. बाबांबद्दल नाही."

"म्हणजे झालं की नाही?"

"मलाच कळत नाही."

संध्याकाळी व्हॅन लावून धाकट्यानं भिंतीवरून डोकं काढलं. "दादा, उरलंय का थोडं? आमच्या पायऱ्यांचेही पोपडे सुटलेत."

कंडक्टरांनी डबा हलवून पाहिला. होतं, पण पुरेल की नाही ते सांगता येईना. "इकडं ये," ते म्हणाले, "दोघं मिळून बघू."